परतीची वेळ आधी ठरवावी, चढाई मग आखावी

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : गिर्यारोहण मोहिमांची आखणी आणि साधनसामग्री

महोदय,

शिखर सर केल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, तेव्हा त्या मी आवर्जून वाचतो. त्यांत शिखराची उंची असते, माथ्यावर पोहोचल्याची वेळ असते आणि छायाचित्रही असते. चमू माथ्यावरून किती वाजता निघाला आणि तंबूत किती वाजता परतला, हे मात्र बहुधा नसते. तीसहून अधिक वर्षे डोंगरांत हिंडल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, मोहीम नीट आखली होती की नाही हे याच दोन वेळांवरून कळते. आखणी उतराईपासून सुरू करावी आणि मागे मागे येत निघण्याची वेळ ठरवावी. सॅकमध्ये जाणारी प्रत्येक वस्तूही, परतायला उशीर झाला तर ती कामाला येईल का, या एकाच प्रश्नावर पारखून घ्यावी. मला सांगायचे आहे ते एवढेच, पण ते का सांगतो हे स्पष्ट करायला थोडा विस्तार लागेल.

१४ जुलै १८६५ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि त्यांचे सहा साथीदार आल्प्समधल्या ४,४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नवर पोहोचले. त्या शिखरावर माणसाचे पाऊल पडण्याची ती पहिलीच वेळ होती. चढाई निर्विघ्न पार पडली होती. उतरताना मात्र चमूतला सर्वांत कमी अनुभवाचा तरुण, डग्लस हॅडो, घसरला आणि त्याच्याबरोबर मिशेल क्रो, चार्ल्स हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हे तिघे ओढले गेले. लॉर्ड डग्लस आणि त्यांच्या मागचे थोरले पीटर टॉगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे कड्यावरून कोसळले आणि तिघे वाचले. तुटलेला दोर चमूजवळच्या तीन प्रकारच्या दोरांपैकी सर्वांत जुना आणि कमजोर होता, आणि त्याहून मजबूत दोर त्यांच्याजवळ होता. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, साधने ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, तरी या अपघातातल्या दोन्ही चुका आजही जशाच्या तशा होतात. एखाद्याला चढता येते एवढ्यावर त्याला सोबत घेतले जाते, थकल्यावर त्याला उतरता येईल का हे कोणी पाहत नाही. आणि माथा गाठला की काम झाले असे वाटून दोर, गाठी व बांधण्याचा क्रम यांकडे लक्ष कमी होते.

वेळेचा हिशेब करायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला नियम अजूनही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटर अंतराला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा नियम बऱ्या पायवाटेवर, हलक्या ओझ्याने आणि विश्रांतीशिवाय चालणाऱ्या माणसाचा आहे. मऊ बर्फ, जड सॅक, विरळ हवा किंवा दोराने एकमेकांना सांभाळत जायचा टप्पा असेल, तर हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून स्वतःच्या चमूचा वेग पहिल्या दोन दिवसांतच प्रत्यक्ष मोजावा आणि पुढचा हिशेब त्या वेगावर करावा. मोजायचा तो सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग, सरासरी नव्हे. कारण चमू त्याच वेगाने परतणार असतो.

बर्फाच्या डोंगरावर मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजता निघण्याची रीत आहे, तिच्यामागेही परतीचाच विचार आहे. रात्रीच्या थंडीत बर्फाचा थर गोठून घट्ट होतो, हिमभेगांवरचे हिमसेतू माणसाचे वजन पेलतात आणि कड्यांवरचे सैल दगड बर्फात जखडलेले राहतात. ऊन चढले की हे सगळे सुटू लागते. पहाटे ज्या उतारावरून क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे) खटखट रोवत गेलो, त्याच उतारावर दुपारी मांडीपर्यंत पाय रुततो. एकदा आम्ही निघायलाच दोन तास उशीर केला होता. कारण अगदी क्षुल्लक होते : स्टोव्ह पेटत नव्हता, आणि पाणी तयार नसल्यामुळे कोणाला निघता येत नव्हते. चढाई तरीही ठरल्यासारखी झाली. उतरायला तीन तास धरले होते, प्रत्यक्षात सात लागले. माथ्यावर छायाचित्र काढताना एका सहकाऱ्याचे हातमोजे वाऱ्याने उडून गेले होते आणि जादा जोड तंबूत राहिला होता. अंधार पडेपर्यंत त्याच्या दोन बोटांना हिमदंश झाला. त्या दिवशी कोणताही मोठा निर्णय चुकला नव्हता. दोन तास आणि हातमोज्यांचा एक जोड, एवढेच चुकले होते, आणि ते माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही.

म्हणून परत फिरण्याची वेळ तंबूत, शांत डोक्याने, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ठरवावी आणि सर्वांसमक्ष मोठ्याने सांगावी. त्या वेळी माथा शंभर मीटरवर असला तरी फिरायचे, हे प्रत्येकाने मान्य करावे. वर गेल्यावर, विरळ हवेत थकलेल्या डोक्याने केलेला विचार भरवशाचा नसतो. माथा डोळ्यांसमोर दिसत असताना 'आणखी अर्धाच तास' हे शब्द फार सहज तोंडून निघतात. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर अनेक जण दुपारी दोननंतर माथ्यावर पोहोचले, उतरताना वादळाने गाठले आणि त्या वादळात आठ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यांच्यात अत्यंत अनुभवी मार्गदर्शकही होते. अनुभवाने वेळ वाढत नाही.

हवामानाविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण अंदाजाचा अर्थ कसा लावायचा हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पायथ्याच्या गावासाठी दिलेले तापमान माथ्याचे नसते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यात वारा मिळवावा लागतो. उणे १० अंश सेल्सिअस तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला उणे २१ अंशांइतकी थंडी लागते. म्हणजे अंदाज वाचताना पावसा-बर्फाच्या आधी वाऱ्याचा वेग पाहावा, आणि तोही माथ्याच्या उंचीवरचा. तळछावणी सोडल्यावर नवा अंदाज मिळेलच असे नाही. तेव्हा उंचीमापकावर लक्ष ठेवावे. हे यंत्र हवेच्या दाबावर चालत असेल, तर तंबू जागच्या जागी असताना रात्रीतून त्याने दाखवलेली उंची चाळीस-पन्नास मीटरने वाढल्यास दाब उतरला आहे आणि हवा बिघडण्याचा संभव आहे, असे समजावे. शिखरांवर भिंगासारखे गुळगुळीत ढग स्थिर दिसू लागले, तर वर वारा जोराचा आहे. दुपारी गडगडाट होणाऱ्या ऋतूत धारेवर आणि माथ्यावर दुपारपूर्वीच जाऊन यावे.

बर्फाच्या उतारावर जाण्याआधी त्याचा कोन मोजावा. बहुतेक धोकादायक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि नेमके हेच उतार चढायला सोयीचे वाटतात. मोठी बर्फवृष्टी झाल्यावर निदान एक-दोन दिवस थांबावे. वाऱ्याने बर्फ वाहून आडोशाच्या अंगाला साचवला असेल, तर आकाश निरभ्र असले तरी त्या अंगाला जाऊ नये. पाऊल टाकताच बर्फ खाली बसल्याचा दबका आवाज आला किंवा पायापासून तडा धावत गेला, तर ती डोंगराची स्पष्ट सूचना आहे. त्यावर चर्चा न करता आल्या वाटेने मागे फिरावे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता पुष्कळ असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचूच शकत नाही. म्हणून गाडलेल्याचा ठावठिकाणा रेडिओलहरींनी कळवणारे, ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे संकेतयंत्र, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडे ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ हवीत. तिघांत एक फावडे असले आणि तेच गाडलेल्याच्या पाठीवर असले, तर उरलेल्या दोघांनी काय करावे? साधने घेऊन भागत नाही. निघण्यापूर्वी सपाटीवरच्या बर्फात सॅक पुरून ती शोधून काढण्याचा सराव घड्याळ लावून करावा.

विरळ हवेचा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो, कारण तो दिसत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण स्वतःच्या गतीने घेते आणि तीत घाई चालत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा नियम डॉक्टरांनी विचारपूर्वक घालून दिलेला आहे. दिवसा याहून वर जाऊन यायला हरकत नाही; महत्त्व आहे ते रात्री कुठे झोपतो याला. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, गरगरणे किंवा असाधारण थकवा असेल, तर उंची बाधली आहे असेच धरून चालावे आणि आणखी वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तर फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचा संशय घ्यावा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल जात असेल तर मेंदूला सूज येऊ लागलेली असू शकते. या दोन्हींवर खरा उपाय एकच : त्याच क्षणी, रात्र असली तरी, सोबत देऊन खाली नेणे. औषधे जरूर न्यावीत. कोणती आणि किती, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. मात्र औषध उतरण्याच्या ऐवजी नसते. आणि इथे पुन्हा आखणीचा मुद्दा येतो. वेळापत्रकात दोन-तीन राखीव दिवस नसतील, तर आजारी सहकारी 'मी ठीक आहे' असेच सांगणार, कारण त्याच्यामुळे सर्वांची मोहीम बुडेल ही भीती त्याला बोलू देत नाही. राखीव दिवस वाईट हवेसाठी लागतात तितकेच खरे बोलता यावे म्हणूनही लागतात.

आता साधनांकडे वळतो. याद्या सर्वत्र मिळतात, तेव्हा यादी न देता ज्या गोष्टी सहसा चुकताना पाहिल्या त्यांवरच लिहितो.

बूट आणि क्रॅम्पॉन एकत्रच निवडावेत. ताठ तळव्याच्या बुटाला चालणारे क्रॅम्पॉन लवचीक बुटावर बसवले, तर ते चालता चालता निखळतात किंवा मोडतात. बुटांची बी१ ते बी३ आणि क्रॅम्पॉनची सी१ ते सी३ अशी श्रेणी यासाठीच आहे, आणि क्रॅम्पॉनची श्रेणी बुटाच्या श्रेणीहून वरची असू नये. क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटू नयेत म्हणून असलेली पट्टी काढून ठेवू नये, कारण दुपारच्या उतराईत तीच सावरते. बूट घेताना उतारावर उभे राहून पाहावे; बोटे पुढे आदळत असतील तर ते बूट उतरताना नखे काळी करतील.

दोर ईएन ८९२ (युरोपीय) किंवा यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) मानकाचा असावा, पण मानकाचा शिक्का दोराचे वय सांगत नाही. न वापरलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद करावा, असेच सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बॅटरीतल्या आम्लाच्या नुसत्या वाफेनेही नायलॉन कमजोर होते आणि वरून काहीही दिसत नाही, म्हणून गाडीत दोर कशाशेजारी ठेवला आहे हे पाहावे. ओला दोर कोरड्यापेक्षा कमी झटके सोसतो. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, सुरुवात करण्यापूर्वी दोराच्या दोन्ही टोकांना गाठी माराव्यात. दोर संपला हे न कळल्यामुळे टोकावरून सुटून माणसे गेली आहेत, आणि गाठ मारायला दहा सेकंद पुरतात. हिमनदीवर दोराने बांधून चालताना दोघांत दहा-पंधरा मीटर अंतर ठेवावे आणि मधला दोर हातात वेटोळी करून धरू नये.

स्टोव्हविषयी मी माझ्या त्या दोन तासांमुळे कळकळीने लिहितो. गॅसच्या नळकांड्यातले ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायुरूप होत नाही, आयसोब्युटेन साधारण उणे १२ पर्यंत साथ देते आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत. (हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, उंचीवर ते काहीसे खाली सरकतात.) मिश्रण असेल तर आधी प्रोपेन अधिक प्रमाणात जळून जाते आणि अर्धे नळकांडे भरलेले असूनही ज्योत मरते. म्हणून नळकांडे रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे आणि पेटवताना ते थोड्या पाण्यात उभे करावे. बर्फ वितळवायला लागणारे इंधन नेहमीच कमी धरले जाते. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापले असते. तेव्हा पाणी आदल्या संध्याकाळीच करून बाटल्यांत भरावे. तंबू बंद करून आत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतून उठवायला कोणी नसते.

स्लीपिंग बॅगवर तीन तापमाने छापलेली असतात. त्यांतले सर्वांत खालचे तापमान जेमतेम जीव वाचण्याचे असते, झोप लागण्याचे नव्हे. निवड पहिल्या, आरामाच्या आकड्यावर करावी. खालची मॅट पातळ असेल तर महागड्या बॅगेचाही उपयोग नाही, कारण बॅगेतली अंगाखालची पिसे दबतात आणि थंडी जमिनीकडून येते. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांची ऊब राखण्याची क्षमता बेरजेने वाढते.

हातमोज्यांचा जादा जोड, हेडलॅम्प, त्याची राखीव बॅटरी आणि वारा अडवणारी एक हलकी पिशवी, जिच्यात दोघांना बसता येईल, या वस्तू तंबूत ठेवायच्या नसतात. माथ्याच्या दिवशी, कितीही लवकर परतायचे असले तरी, त्या पाठीवरच हव्यात. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. चष्मा बर्फावर चौथ्या, म्हणजे सर्वांत गडद काचेच्या, श्रेणीचा आणि बाजूंनी बंद असावा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि डोळ्यांची आग काही तासांनी, म्हणजे नेमकी उतराईत किंवा रात्री, सुरू होते.

जाण्यापूर्वी मार्ग, सोबत्यांची नावे, परतीची तारीख आणि 'अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला कळवा' असा स्पष्ट तास, हे सगळे कागदावर लिहून एका जबाबदार माणसाकडे द्यावे. विमा असेल तर तो किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचून घ्यावे. संकटात शिटीने किंवा दिव्याने मिनिटाला सहा खुणा कराव्यात, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच करावे. मिनिटाला तीन खुणा आल्या तर कोणीतरी ऐकले आहे असे समजावे. हेलिकॉप्टर दिसल्यावर दोन्ही हात वर पसरले तर 'मदत हवी', एक हात वर आणि एक खाली असेल तर 'नको'. आनंदाने दोन्ही हात हलवून अभिवादन करणाऱ्यांमुळे वैमानिकांची दिशाभूल होऊ शकते, म्हणून ही खूण पहिल्यांदा डोंगरात जाणाऱ्यालाही शिकवावी.

शेवटी आपल्याला एक विनंती. यापुढे एखाद्या मोहिमेची बातमी किंवा लेख छापताना चमूला चार गोष्टी विचाराव्यात : तंबूतून किती वाजता निघालात, परत फिरण्याची वेळ किती ठरवली होती, माथा किती वाजता सोडलात आणि शेवटचा माणूस तंबूत किती वाजता पोहोचला. ही उत्तरे छायाचित्राखाली दोन ओळींत मावतील. तसेच ठरलेल्या वेळी माथ्याच्या खालून परत फिरलेल्या चमूंचे वृत्तांतही, ते का फिरले या कारणासह, त्याच पानावर छापावेत. असे वृत्तांत पाठवणारे अनेक जण माझ्या ओळखीत आहेत. त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते, एवढेच.

आपला नम्र,
एक गिर्यारोहक वाचक